देवानं जीभ मागितली

बस बांधायच्या कारखान्यात त्याला सगळे मौनी म्हणत. माणूस मुका नव्हता. बोलायला तोंड उघडलं की पहिलंच अक्षर अडायचं, आणि ते सुटेपर्यंत समोरच्याच्या हातातला चहा गार व्हायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला असं लोक वाचाळ माणसाबद्दल म्हणतात. याची जीभ टाळ्याला लागायची ती निघायचंच नाव घ्यायची नाही.

पण हात सोन्याचे होते. बसच्या सांगाड्याला त्यानं वेल्डिंगचा जोड दिला की त्यावरून बोट फिरवलं तरी सांधा कळायचा नाही. डोळ्यांवर काळी काच ओढली, ठिणग्या उडायला लागल्या की त्याला कुणी काही विचारायचं नाही. असं काम त्यानं मुद्दामच निवडलं होतं.

कारखान्याबाहेरचं सगळं बोलणं बायकोकडे होतं. दुकानदाराशी घासाघीस, डॉक्टरला दुखणं सांगणं, मुलीच्या शाळेत जाऊन बाईंशी भांडणं, सगळं तीच करायची. यानं "म... म..." केलं की ती "मीठ कमी आहे" म्हणून वाक्य पुरं करायची. बहुतेक वेळा बरोबर असायचं. नसलं तरी तो मान डोलवायचा, कारण खोडून काढायचं म्हणजे पुन्हा नवं वाक्य आलं.

"लग्न ठरलं तेव्हा तुमच्या आईच सगळं बोलल्या," ती कधीकधी म्हणायची. "मला वाटलं, मुलगा लाजाळू आहे. हळूहळू बोलेल. हळूहळू म्हणजे इतकं हळू, हे कुणाच्या लक्षात आलं!" आणि दोघंही हसायची. त्यांचं बरं चाललं होतं.

एकदा कारखान्यानं त्याला तुरुंगात पाठवलं. आतल्या अंगणाचं फाटक बिजागरीतून निखळलं होतं आणि ते जागच्या जागीच जोडायला हवं होतं. त्यानं सकाळभर काम केलं. जेवणासाठी कैदी रांगेनं येऊन जमिनीवर बसले आणि याच्याकडे बघत राहिले, दुसरं बघायला काही नव्हतंच. शेवटचा सांधा झाला. त्यानं काच वर केली, कपाळावरचा घाम पुसला आणि समोर पाहिलं. एवढी माणसं, पण ताटांच्या आवाजाशिवाय आवाज नाही.

तेव्हा त्याला ते कळलं. कानात काही आलं नाही. लोखंड तापताना बराच वेळ काही दिसत नाही आणि मग एकाएकी ते लाल झालेलं असतं, तसंच काहीसं झालं. *यांच्याशी बोल.*

तो देवभोळा नव्हता. आठवड्याला प्रार्थनागृहात जायचा, मागच्या बाकावर बसायचा, सगळ्यांबरोबर गायचा. गाताना त्याची जीभ अडायची नाही, म्हणून गाणं संपलं की त्याला वाईट वाटायचं. बाकी देवानं त्याला कधी काही सांगितलं नव्हतं आणि त्यानंही देवाला कधी काही विचारलं नव्हतं. आता मात्र हत्यारं पिशवीत भरता भरता त्यानं मनातल्या मनात देवाशी जे भांडण काढलं, त्यात तो एकदाही अडखळला नाही. माणसं कमी पडली का तुला? जीभ तूच दिलीस ना? मग ती कशी आहे हे तुला माहीत नाही? चेष्टा करायची तर दुसरा कुणी धर.

उत्तर आलं नाही. जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

त्यानं टाळाटाळ करून पाहिली. सुट्टीच्या दिवशी जाऊन प्रार्थनागृहाच्या जिन्याचा कठडा फुकट करून दिला. सगळ्यांनी वाहवा केली, पण पोटातला निखारा काही निवेना. मग पावसाळ्याआधी गळकं छप्पर दुरुस्त केलं. तरी तेच. शेवटी एका संध्याकाळी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, तिच्यासमोर तो जाऊन बसला.

"म... मला... द... दे..."

"देऊ चहा?"

त्यानं मान हलवली आणि हात वर करून तिला थांबवलं. असं त्यानं कधी केलं नव्हतं. तिनं हातातला शर्ट खाली ठेवला. त्याला सगळं सांगायला इतका वेळ लागला की बाहेर अंधारून आलं आणि दिवा लावायचं दोघांनाही सुचलं नाही.

आधी ती हसली. मग त्याच्या तोंडाकडे पाहून हसू थांबलं.

"कुणाशी बोलणार? चोरांशी? खुन्यांशी?"

"ह... हो."

"अहो, बाजारात दोन किलो कांदे मागता येत नाहीत तुम्हाला! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत. फाडून खातील ते." आणि मग हळू आवाजात, "लोक तुम्हाला हसतात तेव्हा मला काय होतं, ते देवाला ठाऊक आहे का?"

त्यानं उठून दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या थोरल्या भावाला बोलावलं. हा दादा विमा विकायचा आणि सल्ला फुकट वाटायचा. तोंडात तीळ भिजत नसे, त्यामुळे जिन्यात शेजारणीला आधी सगळं सांगूनच तो वर आला.

"दाजी, देव काही चुकत नाही," तो पंख्याखाली ऐसपैस बसत म्हणाला. "ऐकण्यात घोळ झाला असेल. तुम्ही वेल्डर. देव म्हणाला असेल 'जोड', तुम्हाला ऐकू आलं 'बोल'. कारखान्यात राहून कान गेलेत तुमचे!"

बायकोला हसू आवरेना. खरं तर त्यालाही हसू आलं. पण हसून झाल्यावर तो म्हणाला, "ब... बोलच."

"बरं, बोल तर बोल. पण व्यवहार बघा की. फोरमन निवृत्त होतोय. पुढचा नंबर तुमचा. आता दर आठवड्याला अर्धा दिवस सुट्टी मागत बसलात तर ती जागा राहील? बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. तुमचं सोनं हातात आहे. जिभेत माती आहे, माफ करा. माणसानं देवाला सोनं द्यावं का माती?"

हा प्रश्न त्याला लागला. तो घेऊन तो प्रार्थनागृहाच्या प्रमुखांकडे गेला. प्रमुख म्हणजे सत्तरीचे, मधाळ आवाजाचे, लहानथोरांना 'बाळ' म्हणणारे गृहस्थ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. निदान सुरुवातीला तरी.

"तुरुंगात आपण मागे जात होतो, बाळ. मी स्वतः बोललो आहे तिथं. त्या लोकांना ऐकायचं नसतं. आणि आपल्याकडे चांगले वक्ते आहेत. देवाला द्यायचं ते आपल्यातलं उत्तम द्यावं. तू गातोस छान. मग गा ना! गाताना तर अडत नाहीस."

"ग... गा असं नाही म्हणाला तो."

"मग तुझे हात आहेत. आपलं पुढचं फाटक जुनं झालंय. असं फाटक कर की येणाऱ्याला वाटेतच देव दिसेल."

"ह... हात... ह... हा..."

"हात देवाच्या सेवेला लागले की..."

"थ... थांबा." आवाज त्याच्या स्वतःच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. बाहेर झाडणारा माणूस झाडू धरून उभा राहिला. "म... मला पुरं करू द्या. ह... हात नाही मागितले. ज... जीभ मागितली."

प्रमुखांना इतक्या वर्षांत कुणी 'थांबा' म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हट्ट आणि हाक यांत फरक असतो, बाळ," ते म्हणाले. "तू जाणारच असशील तर आमच्या नावानं जाऊ नकोस."

"ब... बरं," तो म्हणाला आणि निघून आला.

घरी येऊन त्यानं बायकोला खुणेनं सांगितलं, चल, तुरुंगात जाऊन विचारू. नेहमीसारखी ती बोलेल, तो मागे उभा राहील. पण ती जागची हलली नाही.

"बोलायचा हुकूम तुम्हाला झालाय ना? मग बोला. माझ्या तोंडून कशाला?"

ती रागानं बोलली होती, त्याला अद्दल घडावी म्हणून. पण त्याला ते पटलं. तो एकटाच गेला.

तुरुंगाच्या अधिकारी बाईंना सगळे मॅडम म्हणत. टेबलावर फाइलींचा डोंगर, फोन वाजतोय, दारात शिपाई काहीतरी विचारतोय, आणि समोर हा माणूस उभा, तोंड उघडं, शब्द नाही. त्यांना आधी वाटलं फिट आली. पाणी मागवलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं आपलं म्हणणं सांगितलं.

"काय बोलणार तुम्ही त्यांच्याशी?"

"म... माहीत नाही."

"म्हणजे बोलायला सांगितलं, काय बोलायचं ते सांगितलं नाही?"

"न... नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, इथं व्यसनमुक्तीवाले येतात, योगावाले येतात, चांगले शिकलेले वक्ते येतात, आणि पोरं त्यांचीसुद्धा टिंगल करतात. तुम्हाला तर सोलून काढतील."

"स... सोलू द्या."

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "एकदा. नंतर मला सांगू नका की मी बजावलं नव्हतं."

लांबट खोली होती, उंच खिडक्यांची. कैदी सतरंजीवर बसले होते. तो उभा राहिला आणि पहिलाच शब्द अडला. 'माझं' म्हणायचं होतं. ओठ मिटले ते मिटलेच. मागच्या भिंतीशी टेकून बसलेल्या एका दांडगट माणसानं तस्सेच ओठ मिटले, डोळे वर फिरवले आणि "म्म्म्म" करून असा काही आवाज काढला की सगळी खोली फुटली. शिपायांनीही तोंडं फिरवली. त्या दांडगटाचं नावच तिथं नकल्या होतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाची तो नक्कल करायचा.

वेल्डरला पळून जावं असं वाटलं नाही असं नाही, चांगलंच वाटलं. दार चार पावलांवर होतं. पण आयुष्यभर तो अशा प्रत्येक खोलीतून बाहेर पडत आला होता, आणि या वेळी त्याला इथं उभं कुणी केलंय हे त्याला माहीत होतं. ज्यानं उभं केलं त्याच्यावरच तो मनातून चिडला होता. त्या चिडीच्या बळावर तो उभा राहिला.

"ह... हसा," तो म्हणाला. "म... मी थ... थांबतो. म... मला सवय आहे."

ते हसले. तो थांबला. वेळ संपली तेव्हा त्याची जेमतेम चार वाक्यं झाली होती आणि त्यातली दोन कुणी ऐकली नव्हती.

"झालं समाधान?" दारात मॅडमनी विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, कीव होती.

"प... पुढच्या आठवड्यात."

मॅडमना हसावं की रागवावं कळेना. "माणूस आहात का कोण आहात!" त्या म्हणाल्या. पण नाही म्हणायचं राहून गेलं.

घरी त्याचा चेहरा बघूनच बायकोनं ओळखलं. तिनं आधी त्याच्यावर तोंडसुख घेतलं, मग कैद्यांवर. "कोण तो नकल्या? मला एकदा आत सोडा, त्याची नक्कल त्याच्या घशात घालते!" आणि मग गॅस पेटवायच्या निमित्तानं पाठ फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. त्यानं जवळ जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. दोघांपैकी कुणीही काही बोललं नाही. त्या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं.

दर आठवड्याला अर्धा दिवस सुट्टी काढून तो जात राहिला. फोरमनची जागा त्याच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला मिळाली. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी दादानं घरी येऊन "मी सांगितलं होतं" हे तीन वेगवेगळ्या प्रकारांनी सांगितलं. त्यालाही ते झोंबलं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं मनातल्या मनात देवाला सुनावलं, जीभ दुरुस्त केली नाहीस ती नाहीसच, वर जागाही घालवलीस. मग दुसऱ्या दिवशी आठवड्याचा तो वार होता, म्हणून तुरुंगात गेला.

दरम्यान खोलीतली मजा शिळी झाली होती. तोच माणूस, तेच अडखळणं, किती हसणार? काही जण यायचे बंद झाले. जे येत त्यांना बराकीत बसण्यापेक्षा हे बरं वाटे. एकदा, कुणीच हसत नव्हतं तेव्हा, त्यानं शाळेतली गोष्ट सांगितली. वर्गात हजेरी घेताना त्याला 'हजर' म्हणता यायचं नाही. ह वरच गाडी अडायची. मास्तर वाट बघून पुढचं नाव घ्यायचे आणि याच्या नावापुढे गैरहजर लिहायचे. वर्षभर तो पहिल्या बाकावर बसला आणि वर्षभर गैरहजर राहिला.

ही एवढी गोष्ट सांगायला त्याला पूर्ण वेळ लागला. संपल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "मग तू उठून मास्तरला दाखवलं का नाहीस, की मी इथं आहे म्हणून?"

"भ... भीती."

"हं," तो आवाज म्हणाला. तो नकल्या होता.

पुढच्या वेळी नकल्या भिंत सोडून पुढे येऊन बसला.

"एक विचारू, वेल्डर? आम्ही एवढी रेवडी उडवली तुझी. परत का येतोस?"

"स... सांगितलंय."

"कुणी?"

त्यानं बोट वर केलं. दोघंतिघं खुदकन हसले. नकल्या हसला नाही.

"त्यानं तुझी जीभ सुधारली?"

"न... नाही."

"पैसा दिला? बढती?"

"ह... होती ती गेली."

आता सगळेच हसले आणि या वेळी तोही हसला.

"मग कसला रे देव तुझा?" नकल्यानं अगदी मनापासून विचारलं.

"म... मीही त्याला हेच विचारतो. त... तो उत्तर देत नाही. ब... बोलावतो. म... मी येतो."

नकल्या सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "माझ्या पोरीचा फोन येतो. महिन्यातून एकदा. ती 'बाबा' म्हणते आणि मला पुढे काय बोलायचं सुचत नाही. सगळ्या जगाचे आवाज काढतो मी. तिथं माझा आवाज फुटत नाही. मग मी ठेवून देतो."

एवढ्या माणसांसमोर नकल्या स्वतःच्या आवाजात बोलला होता. कुणी हसतंय का ते बघायला त्यानं वर पाहिलं. कुणी हसत नव्हतं.

वेल्डरकडे शहाणपणाचं काही नव्हतं. जे येत होतं तेच त्यानं सांगितलं. "ठ... ठेवू नको. अ... अडकून राहा. अ... अडकलं म्हणून को... कोणी मरत नाही. म... मी बघ."

पुढच्या फोनला नकल्या अडकून राहिला. वेळ संपेपर्यंत नुसता श्वास घेत राहिला, आणि शिपायानं फोन काढून घ्यायला हात पुढे केला तेव्हा पलीकडून पोरगी म्हणत होती, बाबा, आहात ना? तो म्हणाला, आहे. बस, एवढंच झालं. पण त्यानं ते खोलीत सगळ्यांना सांगितलं, आणि ते ऐकून एका म्हाताऱ्या कैद्यानं आपल्या भावाची गोष्ट सांगायला घेतली. त्या दिवशी वेल्डरला बोलायला वेळच उरला नाही. हळूहळू असं दर वेळचंच झालं. याच्यापेक्षा वाईट तर कुणी बोलणार नव्हतं, तेव्हा लाजायचं कुणाला?

म्हणूनच देवानं तोतरा माणूस निवडला, असं मॅडम एकदा म्हणाल्या. त्याला हे काही पटलं नाही. असेलही, नसेलही. देवानं कारण सांगितलं नव्हतं, आणि दुसऱ्यांनी काढून दिलेलं कारण खिशात घालून फिरायची त्याला गरज वाटली नाही.

गोष्ट बाहेर फुटायला वेळ लागला नाही. एका सकाळी प्रमुख स्वतः घरी आले, मागे दादा. दादाचा चेहरा असा फुललेला, की जणू तुरुंगात जायची कल्पना त्याचीच होती.

"बाळ," प्रमुख म्हणाले, "माझं चुकलं असेल. आता तू आपल्याकडे बोल. मोठी सभा ठेवतोय. माइक आहे, दुसऱ्या गावांहून लोक येतील. तुझा अनुभव ऐकून कितीतरी जणांना बळ मिळेल."

"आणि दाजी," दादा पुढे सरकून म्हणाला, "कुठं ते वीस-पंचवीस गुन्हेगार, आणि कुठं हजार चांगली माणसं! जरा हिशेब करा."

त्यानं पायांत चपला सरकवल्या. आठवड्याचा तो वार होता, बस चुकली असती.

"न... नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे? का?"

"त... तिकडं बोलावलंय. इ... इकडं नाही."

"अरे बाळ, पण इथं मी बोलावतोय ना?"

तो थांबला. प्रमुख म्हातारे होते, घरी चालत आले होते, आणि त्यांना दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं. पण मऊ शब्द शोधायला जास्त वेळ लागतो, आणि कठीण शब्दसुद्धा त्याला आयते मिळत नव्हते. "त... तुम्ही बोलावता," तो म्हणाला. "त... तेच. त... तो नाही."

दादानं बहिणीकडे पाहिलं, की आता तूच समजाव. ती ओट्याशी उभी होती. तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, वीस वर्षांचं. ती पुढे आली, प्रमुखांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, "नाही म्हणाले ते. ऐकलंत ना तुम्ही?"

मग दारापर्यंत त्याच्याबरोबर गेली. "संध्याकाळी येताना कांदे आणा," ती म्हणाली. "दोन किलो. स्वतः मागा."

तुरुंगातल्या लांबट खोलीला त्या दिवशी रंग लावत होते, म्हणून सगळे अंगणात बसले होते, भिंतीच्या सावलीत. सावली कमी होती आणि माणसं जास्त, त्यामुळे पुढे सरका, मागे सरका चाललं होतं. नकल्यानं शिपायाच्या आवाजात दोघांना दटावून जागा केली. म्हातारा कैदी आधीच डुलक्या घेत होता.

वेल्डर त्यांच्यासमोर उन्हात उभा राहिला. बोलायचं काय, ते आजही ठरलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं आणि पहिलंच अक्षर अडलं. ते सुटेपर्यंत तो तसाच उभा राहिला, आणि समोरची माणसंही थांबली.